मिशनरी आणि ‘मिशनरी वृत्ती’

मराठीत ‘मिशनरी’ हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी चालतो. एखादे मुख्याध्यापक सेवानिवृत्त होतात, शाळेच्या प्रांगणात निरोपसमारंभ होतो, आणि ‘सरांनी तीस वर्षे मिशनरी वृत्तीने ज्ञानदान केले’ असे वाक्य एखाद्या तरी भाषणात येतेच. तेथे तो शब्द गौरवाचा असतो. निष्ठा, चिकाटी, मोबदल्याविषयी उदासीनता, आडगावी राहण्याची तयारी असे सारे गुण त्या एका शब्दात सामावलेले असतात. पण त्याच गावात एखाद्या मिशनचा माणूस येऊन राहिला, तर हाच शब्द संशयाचा होतो. ‘मिशनरी आलेत’ हे वाक्य कोणीही कौतुकाने उच्चारत नाही. थोडक्यात, वृत्ती आपल्याला हवी आहे. ज्या माणसावरून तिला नाव मिळाले तो माणूस मात्र नको आहे.

या विसंगतीची थट्टा करून विषय संपविता येईल. तथापि ती विसंगती पोकळ नाही. तिच्या दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार आहे. आपल्या विदर्भात, त्यातही भंडारा जिल्ह्यासारख्या तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात, परदेशातून येऊन आयुष्य घालविलेल्या ख्रिस्ती शिक्षकांनी नेमके काय केले, त्यातले काय घेण्याजोगे आणि काय टाकण्याजोगे, याचा हिशेब आपण कधी शांतपणे मांडलेला नाही. स्तुती करणारे शाळा आणि दवाखाने मोजतात, निंदा करणारे धर्मांतरे मोजतात. दोघांचेही आकडे खरे असले तरी हिशेब पुरा होत नाही. आज हा परदेशी शिक्षक आपल्या गावांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तेव्हा राग आणि भीड बाजूला ठेवून हा हिशेब करण्यास हरकत नसावी.

टाकळघाटची शाळा

नागपूर प्रांतातील या कार्याचा आरंभ स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून होतो. स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरास आला. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, आणि ते पुढे काही वर्षांनी खालसा व्हावयाचे होते. हिस्लॉप ज्या फ्री चर्चचे होते ते १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फुटून निघालेले होते. धर्मसंस्थेच्या कारभारात सत्तेची ढवळाढवळ नको, एवढ्या एका तत्त्वासाठी त्यातील शेकडो धर्मोपदेशकांनी हक्काचे वेतन आणि घरे सोडली होती. ज्यांना आपण सरसकट ‘सरकारी साहेबांचे भाऊबंद’ समजतो, त्यांच्यातील काहींची मायदेशातली परंपरा सरकारशी भांडण्याची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. सकाळी अध्यापन, सायंकाळी उपदेश, आणि थंडीच्या दिवसांत बैलगाडीने किंवा घोड्यावरून जिल्ह्याजिल्ह्यांतून फेरी असा त्यांचा क्रम होता. या फेऱ्यांत त्यांनी दगड वेचले, जीवाश्म गोळा केले, आणि नागपूर परिसराच्या भूगर्भरचनेवर आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेले निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे ठेवले. ‘हिस्लोपाइट’ हे एका खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. परंतु या साऱ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी गोंडांची भाषा ऐकली. गोंडी शब्दांची टिपणे केली, आणि एका परधानाच्या तोंडून लिंगोचे गीत लिहवून घेतले. जे गीत पिढ्यान्पिढ्या केवळ कंठांत होते ते त्यामुळे प्रथमच कागदावर उतरले. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपल यांनी ही टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

त्यांचा मृत्यूही त्यांच्या कामाला साजेसाच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासह ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. अंधार पडल्यावर ते एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. घोडा मुक्कामावर परतला, पण त्यावर स्वार नव्हता. चारच दिवसांनी हिस्लॉप यांना सेहेचाळीस वर्षे पुरी झाली असती.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव आपल्यापैकी हजारोंनी प्रवेशपत्रावर लिहिले असेल. १८८३ मध्ये ते स्थापन झाले. ज्यांच्या नावाने ते चालते तो गृहस्थ एका खेड्यातील शाळेची तपासणी करून परतताना बुडाला, हे त्या हजारोंपैकी किती जणांना माहीत असेल, याची शंका वाटते.

भंडाऱ्यातला दिवस

याच स्कॉटिश मिशनची शाखा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात भंडाऱ्यास आली. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी रेल्वे त्याच सुमारास झाली होती. तरीही भंडारा रोड हे स्थानक शहरापासून दूर वरठीला, आणि पुढचा मार्ग बैलगाडीचा. वैनगंगेच्या काठच्या या गावी शाळा, दवाखाना आणि अनाथ मुलांचे वसतिगृह अशी तीन कामे उभी राहिली.

अशा ठिकाणी येणाऱ्या परदेशी शिक्षकाचा किंवा शिक्षिकेचा दिवस कसा जात असेल, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. पण त्याचा सांगाडा मिशनांच्या सर्वसाधारण रीतीवरून स्पष्ट दिसतो. पहिली दीड-दोन वर्षे भाषा शिकण्यात जात. पहाटे मुन्शी येई. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्याशी झुंज चाले. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज स्वतंत्र जबाबदारी मिळत नसे. पुस्तकातली मराठी कशीबशी जमली की बाजारात गेल्यावर कळे, की येथली मराठी निराळीच आहे. झाडीपट्टीतल्या बायकांची बोली मोल्सवर्थच्या कोशात सापडत नाही. मग दुसरा अभ्यास सुरू होई, आणि त्याला परीक्षा नसे.

चैत्र-वैशाखात घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असत. पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे आठवडेच्या आठवडे बाहेरगावचा संबंध तुटे. हिवतापाने माणूस वर्षावर्षाला खंगत जाई. हिस्लॉप आले त्या काळात मायदेशाच्या पत्राला पाठविलेले उत्तर पोहोचून त्याचे प्रत्युत्तर येण्यास तीन महिने लागत. सुएझच्या कालव्यानंतर हा काळ कमी झाला, पण दुरावा कमी झाला नाही. मुले सहा-सात वर्षांची झाली की शिक्षणासाठी आणि प्रकृतीसाठी त्यांना विलायतेस धाडण्याची रीत होती. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्यासाठी जो हजारो मैलांवरून आला, त्याला स्वतःची मुले वाढताना पाहता येत नसत.

पण या चित्रात केवळ त्यागाचा रंग भरणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिशनचा बंगला ऐसपैस असे. नोकरचाकर असत. उन्हाळा कडक झाला की पचमढी किंवा चिखलदरा गाठता येई. वेतन परदेशातून येई आणि वेळेवर येई. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर हा त्याच रंगाचा आणि त्याच भाषेचा असल्यामुळे मिशनरी कितीही नम्र असला तरी त्याच्यामागे साम्राज्याची सावली चालत असे. वऱ्हांड्याच्या पायरीखाली उभ्या असलेल्या धानकऱ्याला ती सावली स्पष्ट दिसे. साहेबांना ती दिसत होती की नाही, हा प्रश्न आहे.

शाळेतला व्यवहार तर मोठा गमतीचा होता. मिशनला बायबल शिकवावयाचे होते, पालकांना आपल्या मुलांनी इंग्रजी शिकावे असे वाटत होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर कचेऱ्या वाढल्या, कारकून हवे झाले. तेव्हा बायबलच्या तासाला मुले मुकाट्याने बसत, इंग्रजीच्या तासाला मन लावून बसत, आणि परीक्षा होताच कचेरीत जाऊन बसत. मिशनला धर्मांतरित मिळाले ते मोजकेच, सरकारला कारकून मात्र भरपूर मिळाले. आज आपण कारकून आणि शिक्षक म्हणून ज्या मेजांशी बसतो, त्यांची पहिली फळी काही अंशी या मिशनशाळांतच रंधली गेली. शिक्षक एका हेतूने शिकवितो, विद्यार्थी दुसऱ्याच हेतूने शिकतो, आणि परिणाम तिसराच होतो, हा शिक्षणाच्या इतिहासातला जुना अनुभव येथेही आला.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती हलकी नाही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. तळ्यांच्या या जिल्ह्यातही धान वाळले. १८९१ ते १९०१ या दशकात भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी दहा टक्क्यांच्या आसपास घटली. या एकाच वाक्यात किती घरे विझली असतील! आईबाप मेलेली मुले रस्त्यावर आली. मिशनांनी त्यांना उचलले, अन्न दिले, औषध दिले, अक्षर दिले. पंडिता रमाबाईंनीही १८९७ मध्ये याच मध्य प्रांतातून शेकडो मुली पुण्याकडे नेऊन वाचविल्या. ही मुले पुढे ख्रिस्ती झाली. त्यांना विचारले कोणी? भुकेल्या मुलापुढे भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच ताटात आले असतील, तर त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल काय? हा आक्षेप द्वेषातून उठलेला नाही. तो न्यायाचा आक्षेप आहे, आणि ‘नाहीतर ती मुले मेली असती’ हे त्याचे पुरेसे उत्तर नाही.

मात्र हे उत्तर ज्यांच्याकडून मागावयाचे, त्यांच्याकडे बोट दाखविताना दुसरा प्रश्न आपल्याही अंगावर येतो. ती मुले रस्त्यावर होती तेव्हा त्यांच्या धर्माचे, जातीचे, गावचे लोक कोठे होते? काही स्वतःच उपाशी होते, हे खरे. पण सगळेच उपाशी नव्हते. मालगुजारांची कोठारे होती, देवस्थानांची उत्पन्ने होती, सावकारांच्या पेढ्या होत्या. अनाथ मूल परक्याच्या दारी गेले, याचा राग येणे स्वाभाविक आहे. आपली दारे त्या वेळी बंद होती, याची लाजही तितकीच स्वाभाविक असावयास हवी.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाने राजकीय रूप घेतले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. समितीने चौदा जिल्ह्यांत फिरून सातशे गावांतील ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. शाळा, इस्पितळे आणि अनाथालये यांचा वापर धर्मांतराचे साधन म्हणून होतो, असा तिचा निष्कर्ष होता. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी तिची शिफारस होती. ख्रिस्ती समाजाने हा अहवाल एकांगी मानला. पुढे मध्य प्रदेशात १९६८ मध्ये जबरदस्ती, प्रलोभन आणि फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी घालणारा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरविला. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क घटनेने दिला असला तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला.

परंतु १९५६ हे वर्ष आणखी एका घटनेचे आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. याच आंबेडकरांना अडीच वर्षांपूर्वी, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, भंडारा मतदारसंघाने पराभूत केले होते. त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द न्यायमूर्ती नियोगी होते. धर्मांतराच्या साधनांची परीक्षा करणाऱ्या न्यायाधीशाने त्याच वर्षी स्वतः धर्मांतर केले. यात काहींना विसंगती दिसेल, प्रस्तुत लेखकास ती दिसत नाही. नियोगींचा आक्षेप परक्याच्या हातातील भाकरीला होता, माणसाच्या स्वतःच्या निर्णयाला नव्हता. प्रौढ माणसाने विचारपूर्वक धर्म बदलणे ही त्याच्या विवेकाची बाब आहे. भूक, रोग किंवा अज्ञान यांचा लाभ घेऊन तो बदलविणे हा त्या विवेकाचा अपमान आहे. हीच रेषा मिशनऱ्याला लावावी, आणि ‘घरवापसी’ करविणाऱ्यालाही लावावी. रेषा एकच हवी. माणूस पाहून ती सरकवू लागलो, तर तिला तत्त्व म्हणता येणार नाही.

ज्यांची चरित्रे झाली नाहीत

या साऱ्या वादात एक वर्ग नेहमी विसरला जातो. हिस्लॉप यांचे चरित्र १८८८ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. पण खेड्यापाड्यांतील मिशनशाळांत रोजचे अध्यापन परदेशी माणूस करीत नव्हता. ते देशी ख्रिस्ती शिक्षक करीत, आणि त्यांच्या बायका करीत. त्यांना बंगला नव्हता, पचमढी नव्हती, विलायतेस पाठवावयास पैसा नव्हता. गावाने वाळीत टाकलेले, आणि मिशनच्या वेतनपत्रकात तळाशी असलेले. कित्येकांना पाटलाच्या विहिरीवर पाणीही मिळत नसे. परदेशी मिशनरी आपल्या देशापासून दूर राहत होता. हा देशी शिक्षक आपल्याच देशात, आपल्याच भाषेत परका होऊन राहत होता. दोघांपैकी कोणाचा वनवास अधिक कठीण, हे सांगण्यास फार विचार करावा लागत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही विषमता ओळखली होती. काही काळ नागपुरात राहिलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून दिली. ख्रिस्त हवा, पण तो अभंगांतून आणि कीर्तनांतून यावा, साहेबाच्या मेजावरून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे काळानेच तो मान्य केला. हिस्लॉप महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. डेव्हिड मोझेस यांच्यासारख्या भारतीय विद्वानाकडे आले, आणि १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरातच उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन स्वतंत्र भारतीय चर्च स्थापन झाले. पाहुणा निघून गेला. घर घरच्यांच्या हाती आले.

शिक्षकाचा प्रवास एकाच दिशेने झाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन स्त्री १८२७ मध्ये मुंबईस आली, नंतर अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची मुलींची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी परकीच्या हातून विद्या घेतली, तिचा धर्म घेतला नाही, आणि त्या विद्येचे स्वतःच्या समाजात रोप लावले. याउलट पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेथे ख्रिस्ती झाल्या आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकवू लागल्या. परंतु या हिंदी विदुषीने इंग्रज पुरुषांना शिकवावे, ही कल्पना पुढे येताच भारतातील दोन बिशपांनी आक्षेप घेतला. गोऱ्याने काळ्याला शिकविणे हे धर्मकार्य, आणि काळीने गोऱ्याला शिकविणे हा मर्यादाभंग! मिशनरी उदारतेची मर्यादा त्या एका प्रसंगाने दाखविली. फरार आणि चेल्टनहॅम ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, आणि प्रामाणिक माणसाने दोन्ही पाहिली पाहिजेत.

आपल्या दाराशी

हे सारे आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन वर्तमानाचे आहे.

सकाळी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर क्षणभर उभे राहावे. नागपूरहून येणाऱ्या गाड्यांतून डबा आणि पिशवी घेतलेले शिक्षक, ग्रामसेवक, कारकून उतरतात आणि साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूरच्या गाड्या धरतात. सायंकाळी तीच मंडळी परत नागपूरची गाडी गाठतात. याला आपण ‘अप-डाउन’ असे नाव दिले आहे. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, त्यासाठी घरभाडे भत्ता आहे, राहत असल्याचे दाखले आहेत. राहणे तेवढे नाही. आडवळणाच्या तालुक्यातील नेमणूक म्हणजे शिक्षा, आणि बदली म्हणजे सुटका, हे समीकरण आपल्या नोकरशाहीत इतके रुजले आहे की त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

शिक्षकांची बाजू नाही असे नव्हे. खेड्यात राहण्याजोगे घर मिळत नाही. नवऱ्याची नोकरी एका तालुक्यात आणि बायकोची दुसऱ्या तालुक्यात असते. स्वतःच्या मुलांचे शिक्षण डोळ्यांपुढे असते. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे आणि आता संगणकावर भरावयाची माहिती यांतच अध्यापनाचा वेळ संपतो. कंत्राटी शिक्षकाला तर वेतनाचीही शाश्वती नाही. त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणे हा सरकारचा कंजूषपणा आहे, आणि ‘मिशनरी वृत्ती’ या शब्दाचा सर्वांत मोठा दुरुपयोग हाच होतो: जे वेतन द्यावयाचे ते न देता त्याऐवजी विशेषण द्यावयाचे. खरा मिशनरी उपाशी राहून शिकवीत नव्हता. त्याच्या मंडळीने त्याला घर दिले, पगार दिला, भाषा शिकण्यास दोन वर्षे दिली. आपण शिक्षकाला यांतले किती दिले?

पण सुविधांची यादी पुरी झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही शासननिर्णयाने मिळत नाही. ती म्हणजे विद्यार्थ्याच्या भाषेविषयी आदर. भंडारा जिल्ह्यातील मूल शाळेत येते ते झाडीबोली घेऊन, पोवारी घेऊन, कोठे गोंडी घेऊन. पहिल्याच दिवशी त्याला कळते की आपण बोलतो ती भाषा अशुद्ध आहे. वर्गात हशा पिकतो, आणि मूल गप्प होते. ते गप्प बसणे पुढे दहावीपर्यंत टिकते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. पण त्यांच्या श्रमांचा स्पर्श प्राथमिक शाळेच्या फळ्याला फारसा झालेला दिसत नाही.

गोंडीची कथा याहून कठोर आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव या गावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरविली, आणि आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकविण्याचा हक्क मागण्यासाठी गावकऱ्यांना नागपूरच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक परका धर्मोपदेशक परधानासमोर बसून गोंडी गीत लिहून घेत होता. त्याचा हेतू काहीही असो, त्याने ती भाषा ऐकण्याजोगी मानली. आपल्याच लोकशाहीतील आपलेच खाते त्या भाषेतल्या शाळेवर ‘अनधिकृत’ असा शिक्का मारते, तेव्हा परका कोण आणि आपला कोण, हा प्रश्न पुन्हा तपासून पाहावा लागतो.

येथे कोणी असा निष्कर्ष काढील, की हा लेख मिशनऱ्यांची पाठराखण करतो. तसे नाही. परदेशी पैशाने आणि परदेशी आज्ञेने चालणारे धर्मप्रसाराचे युग संपले, हे योग्यच झाले. ते परत यावे असे कोणाही स्वाभिमानी माणसाला, ख्रिस्ती माणसालाही, वाटणार नाही. परंतु ते गेले म्हणून त्यांनी मोकळी केलेली जागा आपोआप भरली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती जागा वैनगंगेच्या पलीकडच्या गावी मुक्काम करणाऱ्या, तेथल्या मुलांची बोली समजणाऱ्या आणि पूर आला तरी शाळा पाहून निघणाऱ्या माणसाची होती. मिशनऱ्याने ती धर्मासाठी भरली. आपण ती कशासाठी भरणार, हे ठरवावयाचे आहे. संविधानाने दिलेल्या शिक्षणाच्या हक्कासाठी ती भरता आली, तर त्यात मिशनऱ्याच्या निष्ठेइतकीच निष्ठा असेल आणि त्याच्या ताटातली अट नसेल.

यापुढे निरोपसमारंभात ‘मिशनरी वृत्ती’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी वक्त्याने सत्कारमूर्तींना दोन साधे प्रश्न विचारावेत. आपण या गावी किती रात्री राहिलात? आणि येथल्या मुलांची भाषा आपल्याला बोलता येते काय? उत्तर समाधानकारक असेल तर शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. नसेल, तर निदान तो शब्द तरी जपून ठेवावा.